दहावीनंतर ‘वकील व्हायचंय’ म्हणणाऱ्या पोरीला काय सांगायचं?

कृष्णाकाठ | १६ मे, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. लेकीला दहावीला ८९ टक्के पडले. पेढे वाटून झाले आणि घरात तिसरं महायुद्ध सुरू झालं. तिला वकील व्हायचंय. आठवीपासून म्हणत होती, आम्हाला वाटलं जाईल डोक्यातून. गेलं नाही.

आम्ही कराडजवळचे. घरात दोन इंजिनिअर, एक फार्मासिस्ट, बाकी शेती. मी पतसंस्थेत आहे. वकील सात पिढ्यांत कोणी नाही. कोर्टाशी संबंध म्हणजे सासऱ्यांचा बांधाचा दावा. २००५ साली घातला, तो अजून जिवंत आहे. खाली हरलो, जिल्ह्याला अपिलात हरलो, आता हायकोर्टात सेकंड अपील. सासरे एका दमात म्हणतात, “घरात वकील असता तर बांध वाचला असता,” आणि पुढच्या दमात, “वकिलांनीच बांध खाल्ला.”

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचाय. नवरा म्हणतो सायन्स घे, दारं उघडी राहतात. ती म्हणते आर्ट्सच. शिवाय बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स बरा की आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा, हे आम्हाला कळत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. हे तिला मनापासून हवंय की वक्तृत्व स्पर्धेतल्या कपांनी आणि टीव्हीवरच्या काळ्या कोटाने डोकं फिरवलंय, हे १५ वर्षांच्या पोरीच्या बाबतीत ओळखायचं कसं?

वांगीभात | १६ मे, रात्री १०:५२

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकील रोज चढतो. यावरून काय ते ठरवा. :)

गवती_चहा | १६ मे, रात्री ११:०५

अभिनंदन लेकीचं! ‘ती फार वाद घालते म्हणून वकील हो’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला आधी गप्प करा. मलाही हेच सांगितलं होतं. मी शिक्षिका झाले. वाद अजून घालते, फुकट.

लोणंदकर_वकील | १७ मे, सकाळी ७:२०

ताई, तालुक्याच्या कोर्टात २२ वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

अकरावीची शाखा हा प्रश्न यात येतच नाही. पाच वर्षांच्या कोर्सला कोणत्याही शाखेची बारावी चालते. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. त्यामुळे सायन्सने दारं उघडी राहतात आणि आर्ट्सने बंद होतात, असं निदान या दाराबाबत तरी नाही. आर्ट्सला राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र घेतलं तर पहिली दोन वर्षं सोपी जातात, एवढाच फरक.

आता वकिलीबद्दल. लोकांना वाटतं वकील बोलतो. वकील वाचतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा फायली जमिनीच्या. वाटपाचे दावे, बांध, रस्ता, विहिरीतली पाळी. १९५२ चा फेरफार, मोडीतला एखादा कागद, सात-बाऱ्याच्या इतर हक्कात कोणी तरी पेनाने घुसडलेलं नाव. हे तासन् तास बघायचं. मग दावा लिहायचा, समोरच्याची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) वाचायची आणि मग तारीख. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, आपलं प्रकरण ४७ वं. जजसाहेब रजेवर. पुढची तारीख. पक्षकार चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो, त्याला चेहरा दाखवायचा असतो.

पैशाचं सांगतो. पहिली तीन वर्षं मी सीनिअरची बॅग धरली. दिवाळीला एक शर्टपीस आणि महिन्याला पेट्रोलपुरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत म्हणून. पण ते ‘द्यावेत’ आहे, ‘द्यायलाच हवेत’ नाही. आमच्या बाररूममध्ये ते वाचून सगळ्यात जोरात ज्युनिअरच हसले.

घरची चूल तिच्या कमाईवर पाच-सात वर्षं अवलंबून नसेल, तर जरूर येऊ द्या. असेल तर दोनदा विचार करा. पोरीच्या आवडीइतकाच हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे आणि हे पोरांना कोणी सांगत नाही.

स्पष्टवक्ता५७ | १७ मे, सकाळी ९:१०

मुलीसाठी हे क्षेत्र नाही. गुन्हेगार, पोलीस, रात्री-अपरात्रीचे फोन. बँक, शिक्षण, सरकारी नोकरी पाहा. राग नसावा.

तिसरी_घंटा | १७ मे, सकाळी ९:३४

राग आहे.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. बायकांना वकिलीची परवानगी देणारा कायदा भारतात झाला १९२३ साली. म्हणजे बाई तीस वर्षं परीक्षा देऊन तयार होत्या आणि ‘हे क्षेत्र तुमचं नाही’ म्हणणारे तुमच्यासारखे दारात उभे होते.

मी १४ वर्षं जिल्हा न्यायालयात आहे. गुन्हेगारांची भीती वाटली नाही. कोर्टाच्या आवारात बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, याची वाटली. पहिली दोन वर्षं मी सकाळी पाणीच प्यायचे नाही. अडचणी सांगायच्याच तर त्या सांगा. पक्षकार आत येतो, माझ्याकडे बघतो आणि विचारतो, “साहेब कधी येणार?” ही दुसरी. साहेब मीच आहे, बस.

वांगीभात | १७ मे, सकाळी ९:४१

स्पष्टवक्ते, अपिलाला जायचं असेल तर मुदत तीस दिवस.

रेवती_प | १७ मे, दुपारी १:१५

वरचे दोन प्रतिसाद कोर्टातल्या वकिलीचे आहेत. दुसरी बाजू मी सांगते. मी राष्ट्रीय विधी विद्यापीठातून शिकले, मुंबईत एका मोठ्या लॉ फर्ममध्ये साडेपाच वर्षं होते. त्या काळात कोर्टात किती वेळा गेले? दोनदा. एकदा तर पत्ता चुकून. काम म्हणजे कंपन्यांचे करार, कर्जाचे दस्त, कोणी कोणाला विकत घेत असेल तर त्याचे सगळे कागद तपासणं. पगार चांगला, अगदी लाजण्याइतका चांगला. रात्री दोन वाजता घरी जाणं नेहमीचं. मी दमले, सोडलं. आता एका कंपनीच्या विधी विभागात आहे, सहाला घरी.

या वाटेची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची, परीक्षा म्हणजे क्लॅट. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा आणि फक्त इंग्रजी. पाठांतर उपयोगाचं नाही. मोठे उतारे असतात, ते वाचून उत्तरं द्यायची. हल्ली ती डिसेंबरमध्ये असते, म्हणजे बारावीच्या ऐन मध्यात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत आणि राज्यातल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. पण वसतिगृह धरून वर्षाचा खर्च लाखांत जातो, तेव्हा गणित आधी मांडा.

राज्याची सीईटी वेगळी. ती मराठीतूनही देता येते, चुकीला गुण कापत नाहीत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (१८५५ चं), पुण्याचं आयएलएस (१९२४ चं) यांचे प्रवेश त्यातून होतात. शासकीयची फी अगदी कमी, म्हणून तिथे गुणांची मारामारी.

पिंपळपान | १७ मे, दुपारी ३:५०

माझं मत दोघांपेक्षा वेगळं. १७ व्या वर्षी कायदा शिकूच नये.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरीत असताना पेटंटच्या कागदांशी संबंध आला, तेव्हा कळलं की मला यंत्रापेक्षा त्याचं वर्णन करणाऱ्या वाक्यांत जास्त रस आहे. ३४ व्या वर्षी तीन वर्षांचं एलएलबी केलं. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवीच लागते, एलएलबी असून उपयोग नाही. म्हणजे ताई, तुमचे मिस्टर सायन्स म्हणतायत त्यात एका कोपऱ्यापुरता दम आहे.

आधी कशाचीही पदवी घेऊ द्या. तोवर वकिलीचं वेड टिकलं तर खरं.

मराठवाडी_मिरची | १७ मे, सायंकाळी ६:०२

पिंपळपान काका, नम्र असहमती. मी सध्या बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. बारावीनंतर पाच म्हणजे पाच, पदवी मग तीन म्हणजे सहा. आमच्यासारख्या घरात एक वर्ष म्हणजे एक वर्षाचं मेसचं बिल. आणि आमच्या वर्गातले जे पदवी करून येऊ म्हणाले, त्यातले निम्मे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत अडकलेत.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पहिल्या वर्षी ‘ज्युरिस्प्रुडन्स’चं पुस्तक उघडलं आणि रडलो. आता जमतं. मुलगी मराठी माध्यमातली असेल तर घाबरू नका, पण अकरावी-बारावीची दोन वर्षं रोज इंग्रजी वाचायची सवय लावा. शिकवणीपेक्षा ते जास्त कामाला येतं.

फीचं पण बघा. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी २०२४ पासून फी माफीची योजना आहे, ठरावीक प्रवर्गांना. माझ्या बहिणीला मिळाली, मला नाही. तिने त्या दिवशी मला चहा पाजला.

अटलांटिक_ओलांडून | १७ मे, रात्री ८:३०

पिंपळपान यांना +१. इथे अमेरिकेत कायदा पदवीनंतरच शिकतात, तीन वर्षं. माझ्या मुलीच्या लॉ स्कूलच्या वर्गात एक नर्स होती, एक शाळामास्तर, एक माजी सैनिक. विवाह कायद्याच्या तासाला दोन घटस्फोटित. चर्चा काय रंगत असतील विचार करा.

मात्र त्यासाठी काढलेलं कर्ज घराच्या कर्जाइतकं आहे. तेव्हा ‘तिकडे बरं’ असं काही म्हणत नाहीये.

सांडगे | १७ मे, रात्री ९:०५

आमच्या गोव्यात आणखी एक मजा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक. कोणी वारलं की वारसांसाठी ‘इन्व्हेंटरी’ची (मालमत्तेची यादी करून वाटपाची) प्रक्रिया. पुण्याहून शिकून आलेला वकील मडगावात पहिलं वर्ष नुसता डोळे मिटत-उघडत बसतो. तेव्हा कायदा कुठे शिकता त्यापेक्षा कुठे राबवणार, हे आधी ठरवलेलं बरं.

वांगीभात | १७ मे, रात्री ९:१२

समाईक मालमत्ता? माझ्याकडे तर लग्नानंतर समाईक फक्त ईएमआय आहे.

गवती_चहा | १७ मे, रात्री ९:२०

वांगीभात, तुम्ही तिला ईएमआयचे हप्ते भरू देता की फक्त मोजू देता?

मोहरीचं_तेल | १८ मे, सकाळी ८:००

मराठीत युक्तिवाद चालतो का हो कोर्टात? आमच्याकडे दोन वकील इंग्रजीत भांडत होते आणि साहेब मराठीत प्रश्न विचारत होते.

लोणंदकर_वकील | १८ मे, सकाळी ८:४०

चालतो म्हणजे काय, तालुका-जिल्ह्याची भाषा मराठीच. साक्षीपुरावा, जाबजबाब, अर्ज, सगळं मराठीत. हायकोर्टात इंग्रजी, तिथे घटनेच्या ३४८ व्या कलमाने तसं ठरवलंय. त्यामुळे वकिलाला दोन्ही लागतात. सीनिअर म्हणायचे, मराठीत शेतकऱ्याचं ऐकायचं आणि इंग्रजीत त्याचंच सांगायचं, मधे काही सांडायचं नाही.

आणि मराठी माध्यमाचं कोणी मनावर घेऊ नये. देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावतीचे, मराठी शाळेतले, वकिली नागपूरची. उज्ज्वल निकमांनी सुरुवात जळगावच्या कोर्टात केली.

जुना_शिरस्तेदार | १८ मे, सकाळी ११:२५

मी न्यायालयीन कर्मचारी म्हणून निवृत्त झालो. मी वकील नव्हतो, पण वकील घडताना आणि बिघडताना मी जितके पाहिले तितके इथे कोणी पाहिले नसतील. मी बाकापलीकडून पाहिलेत.

एकाही प्रतिसादात मुलीला कोर्ट दाखवा असं नाही, म्हणून लिहितो. कोर्ट खुलं असतं. दार उघडायचं, आत जाऊन मागच्या बाकावर बसायचं. मोबाइल बंद. बेलिफाला आधी सांगितलं तर तो जागाही दाखवतो. बालकांवरच्या अत्याचाराची किंवा बंद दाराआडची प्रकरणं सोडून बाकी काहीही बघता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज २०२२ पासून घरबसल्याही दिसतं, पण ते बघून तालुका कळत नाही. तालुका नाकाने कळतो. दमट कागद, घाम आणि झेरॉक्सची शाई.

आत्ता मात्र जाऊ नका. उन्हाळी सुट्टी आहे. जूनमध्ये कोर्ट पूर्ण भरलं की जा. सकाळी साडेदहाला. सोमवारी गर्दी असते, तोच दिवस धरा. आणि तिला सांगा, साहेबांकडे बघू नकोस, पक्षकारांकडे बघ.

तोपर्यंत सुट्टीतला गृहपाठ देतो. घरात २१ वर्षांची फाईल आहे म्हणालात ना? ती मुलीच्या हातात द्या. दावा, कैफियत, साक्षी, रोजनाम्याच्या (दर तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) नकला, दोन्ही निकाल. कोणीही समजावून सांगायचं नाही. तीन आठवडे. तिने फाईल बाजूला ठेवून दिली, तर तुमचं उत्तर मिळालं. वाचली, तरी मिळालं.

रेवती_प | १८ मे, सकाळी ११:४०

काका, हे माझ्या पाच वर्षांच्या फीपेक्षा किमती आहे.

कृष्णाकाठ | १८ मे, दुपारी २:१०

सगळ्यांचे आभार. काका, फाईल काढली. एक नाही, तीन निघाल्या. एकीत उंदराचं बाळंतपण झालेलं. सासरे आधी द्यायलाच तयार नव्हते. “पोरीचं काय काम तिच्यात?” म्हणाले. शेवटी चहाबरोबर दिली.

तिसरी_घंटा | १८ मे, सायंकाळी ५:३०

फाईल वाचतेय तोवर पुढचं थोडं, कारण पालक एलएलबीवर थांबतात आणि खरी गंमत नंतर असते.

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीसाठी कायद्यात आहे तेवढीच फी घ्या, म्हणजे खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. आमच्या वेळी हजारो घेतले होते, असो. मग अखिल भारतीय बार परीक्षा. टिपा नसलेले मूळ कायदे तिथे सोबत नेता येतात. पण कलम कुठे आहे हे माहीत नसेल तर पुस्तक हे नुसतं वजन.

‘न्यायाधीश होणार’ म्हणणाऱ्या मुलांसाठी महत्त्वाचं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. कॉलेजातून थेट खुर्चीत हा मार्ग संपला. मला हे बरोबर वाटतं. लोणंदकर वकिलांनी सांगितलेली ती शर्टपीसची तीन वर्षं आता न्यायाधीशांनाही काढावी लागणार.

मराठवाडी_मिरची | १८ मे, सायंकाळी ५:४८

ताई, तुम्हाला बरोबर वाटतं कारण तुमची झालीत. माझ्या वर्गातल्या चार मुलींचं गणित यानेच कोसळलं. घरचे म्हणत होते, पाच वर्षं शिकवतो, मग परीक्षा दे, नाही तर लग्न. आता पाच अधिक तीन. त्या तीन वर्षांत पोट कसं भरायचं, ते निकालात कुठे लिहिलंय?

तिसरी_घंटा | १८ मे, सायंकाळी ६:०५

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पिंपळपान | १८ मे, रात्री ९:१५

आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. तीस वर्षं वकिली केलेला माणूस ४२० च्या जागी ३१८ म्हणताना अडखळतो. नव्या पोरांना निदान या एका बाबतीत आमच्यासारख्या म्हाताऱ्यांशी बरोबरीने शर्यत आहे.

वांगीभात | १८ मे, रात्री ९:२२

म्हणजे आता ‘तो एक नंबरचा ३१८ आहे’ म्हणायचं? मजा नाही हो येत.

लोणंदकर_वकील | १८ मे, रात्री ९:३०

आमच्या बाररूममध्ये अजून ४२०च म्हणतात. शिव्यांना नवा कायदा लागू नाही.

स्पष्टवक्ता५७ | १९ मे, सकाळी १०:००

माझ्या नातीने हा धागा वाचला आणि काल जेवताना माझ्याशी बोलली नाही. शब्द मागे घेतो. स्वच्छतागृहाबद्दल मात्र मी बरोबर होतो असं वाटतं, म्हणजे मला ते माहीतच नव्हतं, पण.

गवती_चहा | १९ मे, सकाळी १०:०८

नातीला द्या धाडून वकिलीला.

कृष्णाकाठ | १७ जून, रात्री ११:१०

धागा वर काढतेय. उशीर झाला, क्षमस्व. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

फाईल तिने वाचली. पहिला आठवडा नुसती चिडचिड. अक्षर लागत नाही, ‘सबब’ म्हणजे काय, ‘मजकूर’ म्हणजे काय, ‘वहिवाट’ म्हणजे रस्ता का. मी काका म्हणाले तसं तोंड बंद ठेवलं, फार अवघड गेलं. दुसऱ्या आठवड्यात तिने जुन्या वहीत रकाने आखले आणि रोजनाम्यातल्या सगळ्या तारखा लिहून काढल्या. पहिल्या कोर्टातल्याच ११८. त्यातल्या २६ तारखांना काहीतरी घडलं. बाकीच्या ९२ ना कोणी ना कोणी वेळ मागितला. मग तिने वेळ कोणी मागितला, ते लाल आणि निळ्या पेनाने वेगळं केलं. निळे आम्ही. निळे जास्त निघाले.

ती वही घेऊन सासऱ्यांकडे गेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हणाली, “आजोबा, दावा बांधाचा, आणि मोजणीचा अर्ज मात्र आपण सातव्या वर्षी केला. तोवर भांडत कशावर होतो?” सासरे गप्प. मग तिने आणखी एक केलं. समोरच्यांची कैफियत वाचून दाखवली, अगदी शांतपणे, आणि म्हणाली, “त्यांचं पण थोडं बरोबर आहे.”

सासरे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. “आपल्या घरचं खाऊन त्यांच्याकडून बोलते,” एवढंच मला ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच तिच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “ती मोजणी मीच अडवली होती. शेजाऱ्याच्या बाजूने निघेल अशी भीती होती.” २१ वर्षांत हे आमच्यापैकी कोणाला सांगितलं नव्हतं. वकिलालाही नाही, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

मग परवा सोमवारी कोर्टात गेलो. साडेदहा ते पाच. कोणतं कोर्ट ते लिहीत नाही. मी बारालाच कंटाळले, ती बसून राहिली. एक म्हातारी सकाळपासून दाराशी होती. तिचा पुकारा झाला तेव्हा ती नेमकी पाणी प्यायला गेली होती. लेकीने धावत जाऊन तिला आणलं, तोवर पुढचं प्रकरण सुरू. बेलिफ चांगला होता, त्याने साहेबांना सांगून परत घेतलं. म्हातारीला पुढची तारीख मिळाली. म्हातारी लेकीला म्हणाली, “तू कोणाची ज्युनिअर गं?” पोरगी दिवसभर त्याच वाक्यावर हवेत आहे.

घरी येताना विचारलं, काय वाटलं? मला वाटलं न्यायबिय म्हणेल. म्हणाली, “आई, झाडाखाली टायपिंग करणारे काका होते ना, त्यांनी दुपारपर्यंत एकवीस पानं टाइप केली आणि प्रत्येक पानाचे रोख घेतले. वकिलांपैकी कोणालाच रोख मिळताना दिसलं नाही. मी आधी टायपिंग शिकते.”

अकरावीला आर्ट्स भरलं. नवऱ्याने अर्थशास्त्र घ्यायला लावलं, ती तडजोड. मराठी टंकलेखनाचा क्लास कालपासून सुरू. पाच वर्षं की तीन, ते बारावीला बघू.

जुना_शिरस्तेदार | १७ जून, रात्री ११:४८

वाचून झोप उडाली. लाल-निळं पेन! मी ३३ वर्षं रोजनामे लिहिले, कोणी असे वाचतील असं वाटलं नव्हतं.

टायपिंगबद्दल ती अगदी बरोबर आहे. ज्याला स्वतःचा दावा स्वतः टाइप करता येतो, तो ज्युनिअर पहिल्या महिन्यापासून सीनिअरला हवासा वाटतो.

लोणंदकर_वकील | १८ जून, सकाळी ७:०५

ताई, समोरच्याची कैफियत पटते, तरी ती आपल्या आजोबाला तोंडावर सांगते. हे मला वकिलीच्या दहाव्या वर्षी जमायला लागलं. सुट्टीत पाठवा आमच्याकडे, बसू दे ऑफिसात. शर्टपीस देईन. :)

एक विचारायचं राहिलं. सेकंड अपील मुंबईत आहे ना? गेल्या वर्षी १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा जिल्ह्याची प्रकरणं तिकडे जातात. तुमचं गेलं का ते तुमच्या वकिलांना विचारा. नंबर पाठवलात तर मीही ऑनलाइन बघतो.

कृष्णाकाठ | १८ जून, सकाळी ९:३०

गेलंय, कोल्हापूरलाच आहे. सासऱ्यांना काल सांगितलं. मुंबईला एकदाच गेले होते, आदल्या रात्रीच्या गाडीने, आणि काही न होता परत आले होते. आता म्हणतात सकाळच्या एसटीने जाऊ, संध्याकाळी घरी. लेकीला बरोबर नेणार आहेत. वर मला म्हणाले, “तिला सांग, तिथे त्यांचं पण बरोबर आहे म्हणू नको.”

वांगीभात | १८ जून, सकाळी ९:३४

आजोबांना सांगा, नातीला फी लागेल. टायपिंगचे वेगळे.

मोहरीचं_तेल | १८ जून, सकाळी ९:५०

मराठी टंकलेखनाचा क्लास तीस शब्दांचा की चाळीसचा? माझ्याही पुतण्याला घालायचाय.